तीन गाण्यांनी दुसरा हात

दादा: आधी तो रेडिओ हळू कर, मग बोलू.

बाई: हळूच आहे दादा. याहून हळू केला तर गाणी मोजता येणार नाहीत. हे दुसरं चाललंय. तिसरं संपलं की या टेबलाला दुसरा हात मारायचा.

दादा: पॉलिश वाळायला गाणी कशाला मोजायची? भिंतीवर घड्याळ आहे की.

बाई: ते बंद पडून सहा वर्षं झाली. तुझे मेहुणे गेले, आणि महिन्याभरात तेही गेलं. ही पद्धत त्यांचीच. लाखेचं पॉलिश आहे, एक हात मारायचा, तीन गाणी थांबायचं, मग पुढचा हात. तीन गाणी म्हणजे बारा मिनिटं. मध्ये जाहिराती आल्या तर दोन जाहिरातींचं एक गाणं धरायचं. आजवर एकाही गिऱ्हाइकानं टेबल चिकट आहे म्हणून परत आणलेलं नाही.

दादा: बेबी, मी गप्पा मारायला आलेलो नाही. आज चर्चच्या पंचकमिटीचा चिटणीस म्हणून आलोय.

बाई: मग उजवीकडच्या स्टुलावर बस. डावीकडचं ओलं आहे. नुसता भाऊ म्हणून आला असतास तर सांगितलं नसतं.

दादा: हे वाच.

बाई: हात माखलेत माझे. तूच वाच.

दादा: ‘मंडळीच्या गायनाची प्रमुख या नात्याने मी लिहून देते की, यापुढे मी घरी किंवा कामाच्या ठिकाणी जगिक, म्हणजे चित्रपटातली वगैरे, गाणी लावणार नाही व ऐकणार नाही.’ खाली तारीख आणि तुझी सही. सहाला बैठक आहे. सही असेल तर विषय मिटला.

बाई: आणि नसेल तर?

दादा: तर रविवारपासून गायन दुसऱ्या कुणाकडे जाईल.

बाई: चौदा वर्षं मी ते गायन सांभाळलंय. ताप असताना उभी राहिले. नवऱ्याच्या दफनविधीला मीच सूर धरला, कारण दुसऱ्या कुणाचा आवाज फुटत नव्हता. तू शेजारीच होतास.

दादा: होतो. म्हणून तर मी मुद्दाम स्वतः आलो. दुसरं कुणी आलं असतं तर तुझ्याशी या आवाजात बोललं नसतं.

बाई: मला वाईट वाटतंय दादा, ते सांगून ठेवते. पण सही मी करणार नाही.

दादा: ऐकून तरी घे.

बाई: ऐकते. पण तूही ऐक. ते गेल्यावर पहिलं वर्ष मी या खोलीत एकटी काम करायचे. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नसत. तेव्हा हा रेडिओ चालू असायचा. कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय, कुणाचं तरी माणूस परत येत नाही, अशी गाणी लागायची आणि मी रडायचे. रडून झालं की काम व्हायचं, आणि काम झालं की प्रार्थना सुचायची. मला सांत्वन देवानंच दिलं. ते कुठल्या दारानं आत पाठवलं याची चौकशी मी केली नाही.

दादा: देव वापरतो कशालाही. पण गाणं शेवटी प्रेमाबिमाचंच ना?

बाई: हो. मग? देवानं प्रेमाबिमाचं काही केलंच नाही का? आणि आपण दर रविवारी पहिलं जे गीत म्हणतो, त्याची चाल आजोबांच्या वेळी वीटभट्टीवरच्या बायकांची होती, हे तूच मला सांगितलंस. चाल कुणाच्या बापाची नसते असंही म्हणाला होतास.

दादा: तेव्हा मी चिटणीस नव्हतो.

बाई: हे मात्र खरं बोललास.

दादा: बेबी, मोकळीक आहे हे मला मान्य आहे. मी काही तुला नरकाची भीती घालायला आलेलो नाही. पण मोकळीक आहे म्हणून प्रत्येक गोष्ट भल्याची ठरत नाही. बायबलात पौलानंही तेच समजावलंय.

बाई: समजावलंय ना. पहिल्या मंडळ्यांत कुणी काय खावं यावरून भांडणं लागली, तेव्हा त्यानं सांगितलं की दुबळ्या भावासाठी मी माझ्या ताटातलं सोडून देईन. दुबळ्यासाठी, दादा. कमिटीसाठी नाही. ज्याला आवडत नाही तो दुबळा नसतो, तो नुसता रागावलेला असतो. तुमच्या कमिटीत सात जण आहेत. यातल्या कुणाचा पाय माझ्या रेडिओमुळे घसरला, ते सांग. मी आत्ता बंद करते.

दादा: कमिटीतला नाही. पण तक्रार आली आहे.

बाई: कुणाची?

दादा: नाव सांगता येत नाही. ठरावात ‘एका नव्या विश्वासणाऱ्यास अडखळण झाली’ एवढंच लिहिलंय.

बाई: मंडळीत या वर्षी नवे विश्वासणारे किती आले रे? दोन. त्यातली एक आजी, तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.

दादा: मी काही बोललेलो नाही.

बाई: म्हणजे आमचे मिस्त्री. चार महिने ते या खोलीत माझ्यासमोर बसून पॉलिश मारतायत, आणि तक्रार तुझ्याकडे?

दादा: त्यांच्यावर रागावू नकोस.

बाई: रागावत नाही, मला लागलंय. लोक म्हणत होते दारू सुटलेल्या माणसाला कामावर ठेवू नकोस, आज सुटलीय, उद्या लागेल. मी ठेवलं. चहा आम्ही एका किटलीतला पितो. आणि साधं एक वाक्य मला सांगता येऊ नये? थांब. ते मागच्या अंगणात पॉलिश गाळतायत. मिस्त्री, ओ मिस्त्री!

दादा: हाका मारून उपयोग नाही. त्यांनी कानात कापूस घातलाय, येताना बघितलं मी.

बाई: तो घासायच्या मशीनच्या आवाजासाठी घालतात ते.

दादा: मशीन तर बंद आहे.

बाई: हो की. बंदच आहे.

मिस्त्री: बाई, तिसरं संपलं का? गाळून आणलंय. अरे, चिटणीससाहेब. बसा, बसा. ते स्टूल ओलं आहे हं.

बाई: मिस्त्री, तो कापूस काढा आणि जरा इथं बसा. तुम्ही दादाकडे माझ्या रेडिओची तक्रार केलीत?

मिस्त्री: तक्रार? नाही बाई. छे.

दादा: तुम्ही उपासनेनंतर मला दाराशी थांबवलंत. या गाण्यांनी त्रास होतो म्हणालात.

मिस्त्री: तसं म्हणालो. पण मी विचारलं काय साहेब? बाईंना तुम्ही भाऊ म्हणून हळूच सांगाल का, की दुपारच्या त्या कार्यक्रमापुरता रेडिओ जरा बारीक करा. माझं नाव न घेता. एवढंच.

दादा: तेच मी कमिटीपुढे ठेवलं.

बाई: हळूच सांगायचं ते सात जणांत ठराव करून?

मिस्त्री: कमिटीपुढे? कशाला पण?

बाई: हा कागद बघा. मी सही केली नाही तर रविवारपासून मी गायनाला उभी राहायचं नाही. तुमच्या नावानं.

मिस्त्री: साहेब, हे काय केलंत. मी असं बोललो नव्हतो.

दादा: मला वाटलं, मंडळीच्या हिताचं आहे तर रीतसर व्हावं.

बाई: दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवलीस दादा. गाणी तुला खुपत होतीच. यांचा खांदा आयता मिळाला.

मिस्त्री: भांडू नका हो माझ्यापायी. चूक माझी. मी बाईंशीच बोलायला हवं होतं.

बाई: मग का नाही बोललात? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

मिस्त्री: तसं नाही. तुम्ही काम दिलंत. चार ठिकाणी दारातूनच परत पाठवलं होतं मला. त्यात तुमच्या मालकांची आठवण म्हणजे हा रेडिओ. त्याच्यावर फडकं मारताना तुमचा हात कसा फिरतो ते मी रोज बघतो. त्या रेडिओला बंद हो म्हणायचं कुठल्या तोंडानं? म्हटलं, कापूस आहे, भागवू.

बाई: त्रास कसला होतो ते सांगाल? सांगायचं नसेल तर नका सांगू. तरी मी बंद करीन.

मिस्त्री: सांगतो. मी गायचो बाई.

दादा: तुम्ही?

मिस्त्री: चांगलं गायचो. दिवसा लाकूडकाम, संध्याकाळी एका बारमध्ये गाणं. पगार नाही. एक गाणं झालं की एक ग्लास, असा ठराव होता. तुमच्या कमिटीसारखाच, फक्त तोंडी. ही जी दुपारी लागतात ना, तीच गाणी. वीस वर्षं. गाणं संपायचं, टाळ्या पडायच्या, आणि हात आपसूक पुढे व्हायचा. ग्लास तिथं असायचाच. दारू सोडून सात महिने झाले, पण हाताला ते अजून कळलेलं नाही. गाणं संपलं की हात पुढे होतो.

बाई: आणि मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं, गाणी मोजा.

मिस्त्री: हो. तीन झाली की हात मारा म्हणालात. मी मनात म्हटलं, देवा, जरा बघ तरी ही बाई काय सांगतेय.

बाई: हसू नका हो.

मिस्त्री: हसलो म्हणून तर टिकलो. चार वाजता तो कार्यक्रम लागला की मी अंगणात जातो. पॉलिश दोनदा गाळतो. एकदा गाळलं तरी चालतं ते.

बाई: तरीच मी म्हणते, आमचं पॉलिश एवढं नितळ कसं.

दादा: मिस्त्री, एक विचारू का? राग मानू नका. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवतात ना? दिवसभर तुमचे हात त्यातच असतात. त्या वासानं काही होत नाही?

मिस्त्री: काही नाही. मला तो कामाचा वास. उलट त्यानं डोकं ताळ्यावर राहतं. मला भीती फक्त त्या गाण्यांची आहे.

बाई: ऐकलंस दादा? तुमच्या कमिटीला नियम करायचा असता तर तुम्ही स्पिरिट बंद केलं असतं आणि ह्यांचं पोट मारलं असतं. कुणाचा पाय कशावरून घसरतो हे त्या माणसाला विचारावं लागतं. ते कागदावर आधी लिहून ठेवता येत नाही.

दादा: बरोबर आहे.

बाई: काय म्हणालास?

दादा: बरोबर आहे म्हटलं. परत म्हणायला लावू नकोस.

(बाई फडक्याला हात पुसते आणि रेडिओ बंद करते.)

मिस्त्री: बाई, राहू द्या हो. तिसरं अजून संपलं नव्हतं.

बाई: आज संध्याकाळी मी तो घरी घेऊन जाणार. घरी लावीन, आणि चांगला मोठ्यानं लावीन. तुम्ही कधी घरी आलात तर आधी दारावर टकटक करा, म्हणजे बंद करते.

मिस्त्री: मालकांची आठवण ती. इथली.

बाई: आठवण माझ्याबरोबर घरी येईल. तुम्ही मात्र परत त्या बारमध्ये गेलात तर मी तुम्हाला कुठून आणू? मला रेडिओ आवडतो मिस्त्री, खूप आवडतो. आवडती गोष्ट असल्याशिवाय सोडण्याला काही किंमत नसते. नावडती भाजी सोडून कुणी उपास केला म्हणत नाही.

मिस्त्री: मग मी काय करू तुमच्यासाठी?

बाई: एकच कबूल करा. पुढे काही खुपलं तर ते आधी मला सांगायचं. दाराशी, अंगणात, कुठंही. दादाला नाही.

मिस्त्री: कबूल.

दादा: मग झालं तर. रेडिओ बंदच झालाय. आता सही करायला काय हरकत आहे? मीही सुटेन, तूही सुटशील.

बाई: अरे देवा. दादा, तू इतका वेळ ऐकत होतास की मिनिटं मोजत होतास?

दादा: अर्थ तोच ना?

बाई: नाही. रेडिओ मी ह्यांच्यासाठी बंद केला, आणि आनंदानं केला. कागदावर लिहिलंय की गाणी वाईट आहेत आणि ऐकणारी मी चुकतेय. ते मला मान्य नाही. देवानं जे दार उघडं ठेवलं, ते मी माझ्या माणसासाठी दिवसभर लोटून ठेवीन. पण त्याला कुलूप लावून किल्ली तुमच्या कमिटीत जमा करणार नाही. मग गायन जाऊ दे. मी शेवटच्या बाकावरून गाईन. तिथून थांबवायला तुम्हाला अजून एक ठराव करावा लागेल.

मिस्त्री: तसं काही होणार नाही. मी येतो बैठकीला. मी सांगतो सातही जणांना, बार, ग्लास, सगळं. दारू सोडताना पन्नास माणसांसमोर उभं राहून बोललोय, सातांचं काय घेऊन बसलात.

बाई: तुमची इच्छा असेल तर या. माझी जागा वाचवायला म्हणून येऊ नका. तुमची गोष्ट तुमची आहे.

दादा: कुणीही येऊ नका. मिस्त्री, तुम्ही बसा. बेबी, तूही बस जरा.

बाई: काय झालं? तुझा चेहरा असा का झालाय?

दादा: माझी गाण्यांची वही आठवते तुला?

बाई: निळ्या पुठ्ठ्याची? तू उपदेशाच्या सभेत जाळलीस ती? मी अकरा वर्षांची होते. सगळ्यांनी तुला डोक्यावर घेतलं होतं.

दादा: सगळ्यांना वाटलं, पोरानं जग सोडलं. मीही तसंच वाटू दिलं. खरं असं होतं की त्या वहीतलं प्रत्येक गाणं मी एका मुलीसाठी लिहून घेतलं होतं. तिचं दुसरीकडे लग्न झालं. तरी कुठं त्यातलं गाणं लागलं की मी उठायचो आणि तिच्या गल्लीत जाऊन उभा राहायचो. लग्न झालेल्या बाईच्या खिडकीखाली, बेबी. दोनदा तिच्या नवऱ्यानं मला बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं तिला मारलं, असं कानावर आलं. त्या रात्री मी वही जाळायचं ठरवलं.

बाई: वहिनीला माहीत आहे हे?

दादा: लग्नाआधीच सांगितलं. बाकी कुणाला नाही.

मिस्त्री: म्हणजे साहेब, तुमचाही हात आपसूक पुढे व्हायचा.

दादा: माझे पाय चालायला लागायचे.

बाई: तू वही जाळलीस ते बरोबर केलंस. मी आज म्हणते, अगदी बरोबर केलंस. पण दादा, हे तू मला कधीच का सांगितलं नाहीस? मी सतरा वर्षांची असताना गुणगुणले तरी तू माझ्याकडे रोखून बघायचास. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी घाण आहे. कितीतरी वर्षं वाटायचं. तू मला तुझं दुखणं सांगायचंस, तर मला नियम सांगितलास.

दादा: दुखणं सांगायला लाज वाटते. नियम सांगायला नाही वाटत.

बाई: आता तरी वाटू दे थोडी.

दादा: वाटतेय म्हणून तर बोलतोय. चुकलं माझं. तुझ्या बाबतीत चुकलं, आणि मिस्त्री, तुमच्या बाबतीतही. तुम्ही एका माणसाला सांगितलंत आणि मी ते सात माणसांना वाटलं.

मिस्त्री: नाव नव्हतं ना घेतलं?

दादा: नाही.

मिस्त्री: मग मिटलं. आजीचं नाव झालं असेल फार तर.

बाई: त्या आजीला ऐकू आलं असतं तर दांडकं घेऊन कमिटीत आली असती.

दादा: सहाला काय सांगायचं ते मी बघतो. सही मीच मागितली होती, मीच मागे घेतो म्हणून सांगेन. का, असं विचारलं तर माझी गोष्ट सांगेन. तुमची नाही.

बाई: चिटणीसपद जाईल तुझं.

दादा: गेलं तर तुझ्याशेजारी शेवटच्या बाकावर बसेन. सूर मला अजून लागतो.

बाई: लागतो कसला. तू नेहमी अर्धा सूर वर जातोस.

मिस्त्री: बाई, एक अडचण आहे. रेडिओ बंद झाला, आता पुढचा हात कधी मारायचा ते कळायचं कसं?

बाई: मी स्तोत्रं म्हणते की.

मिस्त्री: नको. आपली स्तोत्रं सात-सात कडव्यांची. टेबल वाळून भेगाळेल.

दादा: मी आल्यापासून मनगटावरचं घड्याळ बघतोच आहे, बेबी म्हणाली ते खोटं नाही. बारा मिनिटं होऊन वर तीन झाली. मारा हात.

मिस्त्री: मारतो. डबा या नव्या फळीवर टेकवू का? पण तळ ओला आहे, डाग पडेल.

दादा: हा कागद घ्या खाली घालायला.

मिस्त्री: कामाचा नाही ना?

दादा: नाही. त्याच्यावर कुणाचीच सही नाही.